फुटल्या बाजूची भेग

आप्पा,

तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि हे माझं तुम्हाला पहिलं पत्र. कोल्हापूरला हॉस्टेलवर असताना मी पत्रं लिहायची ती आईला. आई चौथी शिकलेली. ती चुलीपुढे बसून मोठ्याने वाचायची आणि तुम्ही दारात पायावरची लाल धूळ धूत ऐकायचात, असं तिनेच मला नंतर सांगितलं. शेवटच्या ओळीत मी लिहायची, ‘आप्पांना सांग, मी बरी आहे.’ एवढाच काय तो आपला पत्रव्यवहार. आज लिहायला बसले त्याचं कारण गेल्या महिन्यात आलेला दादाचा फोन. सड्यावरची, तुम्ही जांभ्याचे चिरे काढायचात ती जुनी खाण एका बागवाल्याने घेतली आहे, तिच्यात माती भरून तो हापूसची कलमं लावणार आहे आणि खाणीच्या तळाला जी भेग आहे तिच्यावर सिमेंटची लादी टाकणार आहे, असं दादा म्हणाला. वर म्हणाला, तुझ्या विषयातलं आहे म्हणून कळवलं.  मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज दिला.

मी नऊ वर्षांची आहे. रविवार आहे, खाण बंद आहे, आणि तुम्ही मला सड्यावरून, त्या उघड्या कातळाच्या माळावरून, घेऊन चालला आहात. गवत वाळून पिवळं झालंय, खाली कातळ इतका तापलाय की चपलेतून चटका लागतो. खाणीच्या कडेला आल्यावर तुम्ही माझा दंड धरता आणि चिरे काढून पडलेल्या पायऱ्यांवरून एकेक पायरी खाली उतरवता. मी तोवर खाण वरूनच पाहिलेली. तळातून वर पाहिलं तर चारी बाजूंना तासलेल्या तांबड्या भिंती आणि वर आभाळाचा चौकोन. वारा खाली येत नाही. तुम्ही मला एका कोपऱ्यात नेता. तिथे जमिनीत एक भेग आहे, माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढी रुंद, आणि दोरी धरून आखावी तशी सरळ. ‘हात धर हितं,’ तुम्ही म्हणता. मी धरते. भर दुपारी, जिथे पानही हलत नाही अशा त्या खड्ड्यात, माझ्या तळव्याला खालून गार हवा लागते. सारखी, न थांबता, कुणीतरी झोपेत असावं तशी.

मी हात मागे ओढला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सांगितलंत की आता दुपार आहे म्हणून सोडतोय, सकाळी आलीस तर आत ओढताना दिसेल. मी विचारलं, ‘कोण?’ तुम्ही भेगेत वाकून पाहिलंत. मग म्हणालात, ‘ते मला म्हाईत नाय, बाय. पन नेमानं करतो.’

खाणीतल्या बाकीच्यांनी त्याचा निकाल कधीच लावून टाकला होता. तो जागेवाला, त्या जागेचं दैवत. त्यांनी भेगेपाशी नारळ फोडला, एकदा कोंबडा कापला. आपल्या घरात आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून हे सगळं सुटलेलं, त्यामुळे तुम्ही त्यात नव्हतात. पण त्या कोंबड्याचं एक पीस तुम्ही उचलून आणलंत, दोऱ्याने काठीला बांधलंत आणि काठी भेगेपाशी रोवलीत. सकाळी कामाला आल्यावर, चहाच्या वेळी, जेवताना आणि घरी निघताना तुम्ही ते पीस बघायचात. असं किती महिने बघितलंत कोण जाणे. पहाटेपासून पीस आत ओढलं जातं. दहाच्या सुमाराला ते लोंबतं, अगदी निपचित. तुम्ही म्हणायचात, दम धरतो. मग जे बाहेर ढकललं जातं ते चार वाजेपर्यंत. आणि समुद्रात काही बिघडायचं असलं की त्याचा नेम मोडतो, दिवसभर सोडतच राहतो. एका मे महिन्यात तुम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन होडीवाल्यांना तसं सांगितलंत. काही हसले, काहींनी होड्या वर ओढल्या. दोन दिवसांनी वादळ आलं. त्यानंतर वाडीतली माणसं तुमच्याशी जरा जपून बोलायला लागली, हे मला लहान असूनही कळत होतं.

मग तुम्ही दुसरी जागा शोधलीत. आपल्या वाडीमागची कोरडी विहीर. आणि तिसरी पावसच्या वाटेवर, एका बागेत. तिथल्या राखणदाराने विहिरीवर पत्रा टाकून ठेवला होता आणि वारा नसताना तो पत्रा दुपारी वाजतो म्हणून त्याने आपली खाट दुसऱ्या टोकाला नेली होती. तुम्ही मला घेऊन तिन्ही ठिकाणं एका दिवसात चाललात. समुद्र सबंध वाट उजव्या हाताला, कधी दिसणारा, कधी नुसता ऐकू येणारा. परतताना तुम्ही सांगितलंत की तिन्ही एका रेषेत आहेत आणि ही रेष समुद्राला सोडत नाही. तो वळेल तशी वळत नाही पण त्याची सोबतही सोडत नाही. असं का, ते मोठ्या शाळेत शिकवत असतील, तू विचारून ये. त्या दिवसापासून मला जमिनीला कान लावून झोपता येईना. आईने माझ्यासाठी बाज मागवून घेतली, पण कारण मी तिला सांगितलं नाही.

उत्तर आणायला मला दहा वर्षं लागली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, दिवाळीला घरी आले होते. आई घावणे घालत होती आणि तुम्ही पाटावर बसून खात होतात. मी सांगायला सुरुवात केली. की पूर्वी ह्या सगळ्या जमिनी एक होत्या. सुट्या फिरणारे तुकडे एकमेकांवर येऊन आदळले, जिथे आदळले तिथे डोंगर उठले, ते डोंगर झिजून त्यांची वाळू झाली, आणि इतका काळ ती भूमी अखंड राहिली की तिला फुटायचं आहे हे कुणाला वाटलंही नसतं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण ध्रुवाचं बर्फ आणि आपण. तिचं नावसुद्धा आपल्याच देशातलं, गोंडवन. मग खालून ऊब साठत गेली, जमीन फुगली, तडकली, तडीत पाणी शिरलं. आपला तुकडा निघाला तेव्हा मादागास्कर आपल्याला चिकटून होतं. ते सुटलं. त्यानंतर आपल्या पश्चिमेची आणखी एक पट्टी सुटली, तिची काही बेटं आज भर समुद्रात आहेत. त्याच सुमाराला इथे लाव्हा वाहत होता, थरावर थर. आपला सडा म्हणजे त्या लाव्ह्याचा कुजून झालेला जांभा. आणि आपला किनारा म्हणजे मोडलेली कड. भेगा तिच्या बाजूने जातात, म्हणून रेष समुद्राला सोडत नाही.

तुम्ही घावण्याचा तुकडा हातात धरून बसला होतात. मला वाटलं होतं, तुम्हाला काही कळलं नसेल. तुम्ही म्हणालात, ‘चिरा फुटला की फुटल्या बाजूला बारीक भेगा ऱ्हातात. फुटीच्या बाजूबाजूनं. हे मला रोज दिसतं.’ मग विचारलंत, ही पहिलीच वेळ होती काय सगळं एक व्हायची. मी म्हटलं, नाही, त्याच्याही आधी एक होती, तीही फुटली. आणि पुढे कधीतरी परत सगळं एक होईल. आई तव्यावर पाणी शिंपडत म्हणाली, तेव्हा आपण नसू म्हणून बरं. तुम्ही मात्र दाराबाहेर, सड्याच्या पलीकडे बघत होतात. तुमचा पुढचा प्रश्न मी आजवर एकाही विद्यार्थ्याकडून ऐकलेला नाही. तुम्ही विचारलंत, ‘मंग जी पट्टी गेली, तिच्या कडेला पन असंच भोक आसंल. ते कधी ओढत आसंल? आपलं सोडतं तेव्हा?’

घावणं निवून गेलं होतं.  मी आईला सांगितलं की मला भूक नाही.

तिसऱ्या वर्षाला आमची सहल आली. आंबा घाटाने उतरून रत्नागिरी, भाट्याला जेवण, मग राजापूरचे गरम झरे. सरांना जांभ्याची एखादी उघडी खाण दाखवायची होती. रस्त्याजवळची म्हणून बस तुमच्या खाणीशी थांबली. मला आदल्या दिवशीच कळलं होतं आणि मी कुणाला काही बोलले नव्हते. वर्गात सगळी देशावरची मुलं. त्यांच्यात मी माझं बोलणं घासूनपुसून घेतलं होतं, तुझे वडील काय करतात असं कुणी विचारलं तर बांधकामात आहे म्हणून सांगायची. आम्ही पायऱ्यांवरून उतरलो तेव्हा तुम्ही टिकाव घेऊन उभे होतात, डोक्याला फडकं, पापण्यांपर्यंत लाल. तुम्ही मला पाहिलंत. बाकीचे कामगार मला लहानपणापासून ओळखणारे. एकाने तोंड उघडलं तोच तुम्ही त्याच्याकडे नुसतं बघितलंत आणि तो गप्प झाला.

सर भिंतीवरचे थर दाखवत फुटलेल्या भूमीबद्दल बोलायला लागले आणि तुम्ही ऐकत जवळ आलात. सर थांबल्यावर तुम्ही अदबीने म्हणालात की इथे एक भेग आहे, ती श्वास घेते, बघायची असेल तर दाखवतो. मुलं हसली. सर मला म्हणाले, तू इकडची ना, विचार बरं त्यांना काय म्हणायचंय. मी तुमच्यासमोर उभी राहिले. आणि म्हणाले, ‘काका, कुठे आहे ती भेग?’

तुमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तुम्ही म्हणालात, ‘या, बाई.’ मला. स्वतःच्या मुलीला. आणि पुढे होऊन आम्हाला कोपऱ्यात नेलंत. पीस दोऱ्याला लोंबत होतं. सरांनी हात धरला, मुलांनी धरला, काहीच नव्हतं. तुम्ही म्हणालात, जरा थांबा, आत्ता तो दम धरतोय, अर्ध्या तासात सोडायला लागेल. कुणीतरी मागून मोठ्याने श्वास सोडल्याचा आवाज केला. सरांनी घड्याळ पाहिलं. दहाला दहा मिनिटं होती. आप्पा, मला ठाऊक होतं. त्या पंचवीस माणसांत फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होतं की थोडा वेळ थांबलं की ती हवा येणार. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, इथे काही नाही सर, चला, उशीर होईल.

पायऱ्या चढून वर आल्यावर मी मागे वळून पाहिलं. तुम्ही टिकाव टाकून भेगेपाशी उकिडवे बसला होतात, आमच्याकडे पाठ करून, हात भेगेवर धरून.

त्याबद्दल तुम्ही मला कधीही एका शब्दाने बोलला नाहीत. मी वाट बघितली. पुढच्या सुट्टीत आले तेव्हा म्हणालात, तुझे सर चांगले शिकवतात. फक्त एक बदललं. आधी मला एसटीला पोचवायला तुम्ही पार गाडीत बॅग चढवेपर्यंत यायचात. आता वळणापाशी, वडाच्या अलीकडे थांबून बॅग माझ्या हातात द्यायला लागलात. म्हणायचात, ‘पुढं तुझी मानसं आसतील.’ मी दर वेळी ती बॅग घेतली आणि पुढे गेले. दोन वर्षांनी तुमच्या छातीत पाणी झालं. सिव्हिलमध्ये सहा दिवस होतात. मी पोचले तेव्हा तुम्ही शुद्धीवर नव्हतात, आणि आई सांगत होती की काल तुम्ही नर्सला दोनदा विचारलंत, दहा वाजले काय.

मी भूगर्भशास्त्र शिकवायला लागले. गोंडवनाचा धडा मी दर वर्षी शिकवते आणि लोक म्हणतात की मी तो चांगला शिकवते. हवेचा दाब रोज ठरावीक वेळी चढतो-उतरतो, जमिनीखाली पोकळ्या असतील तर दाब चढताना हवा आत जाते आणि उतरताना बाहेर येते, दहा आणि चार ह्या त्या वळणाच्या वेळा, हे मी वाचलं तेव्हा तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली होती. एका ओळीत सगळं उलगडलं. तुम्ही ते एका पिसावर काढलं होतंत.

गेल्या महिन्यात मी आणि वहिनी सकाळी सातला खाणीत उतरलो. वहिनींनी तुम्हाला पाहिलेलं नाही, दादाचं लग्न तुमच्यानंतरचं. मी दाबमापक मांडलं, भेगेवर पातळ कागदाची पट्टी टांगली. पट्टी आत ओढली जात होती. मी दर पंधरा मिनिटांनी टिपून ठेवत होते. दहाला पाच कमी असताना ती लोंबली. वरच्या झुडपांतले पक्षीसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील. वहिनी म्हणाल्या, बंद पडलं की काय हो. मी म्हटलं, थांबा. आम्ही दोघी थांबलो. साडेदहाला पट्टीचं टोक उचललं, आणि मग ती ताठ बाहेर आली. ओला, जुना वास. जांभ्याखाली इथे काळी पडलेली झाडंपानं गाडलेली सापडतात, कधी कुणी न पाहिलेल्या रानाची. तो वास त्यांचा असावा.

साडेबाराच्या सुमाराला वहिनींनी मान वर केली आणि चारी बाजूंना पाहिलं. मग म्हणाल्या, ‘इथे कोण बिडी ओढतंय?’

खाणीत आम्ही दोघीच होतो. मी वर चढून गेले, सड्यावर नजर पोचेल तिथवर माणूस नव्हता. आप्पा, पीस बांधायच्या आधी तुम्ही बिडीचा धूर वापरून बघायचात, हे मला आईने तुमच्यामागे सांगितलं होतं. दम धरायच्या आधी भेगेशी तोंड नेऊन धूर सोडायचा आणि तो आत जाताना बघायचा. आत गेलेली हवा किती खोल जाते, किती काळ राहते, तीच परत येते की दुसरी, हे मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. एकतीस वर्षं धूर टिकत नाही, एवढं मात्र कुठलाही विद्यार्थी सांगेल.

दोन वाजता बागवाला आला. रत्नागिरी शहरातला, सभ्य माणूस. त्याने हात धरून पाहिला आणि चटकन मागे घेतला. मी त्याला दाब समजावून सांगितला, ही भेग जमीन फुटली त्या काळाची खूण आहे, बुजवू नका म्हणाले. तो लगेच तयार झाला. लादीऐवजी लोखंडी जाळी बसवतो आणि भोवती कठडा घालतो, म्हणाला. मग त्याने सहज विचारलं, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? समोर वहिनी उभ्या होत्या. मी म्हटलं, ‘आमची कॉलेजची सहल आली होती, तेव्हा आमच्या सरांच्या.’

का, ते मला विचारू नका. कुणी हसणार नव्हतं, लपवायला काही उरलेलं नव्हतं. तोंडातून ते इतक्या सवयीने निघालं की बोलून झाल्यावर मला कळलं. परत चालताना वहिनी पुढे होत्या. वाडीची घरं दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या, ‘ताई, आप्पांचं नाव नाही घेतलंत.’ दादाने त्यांना सगळं सांगितलेलं आहे. सहलीचंही. म्हणजे त्या दिवशी खाणीतल्या कुणीतरी दादाला सांगितलं होतं आणि इतकी वर्षं त्याने मला कळू दिलं नव्हतं.

घरी परतल्यावर चौथ्या दिवशी मी बागवाल्याला फोन केला. सांगितलं की मी त्या दिवशी चुकीचं बोलले, ती भेग एका चिरे काढणाऱ्याने शोधली, आणि तो माझा बाप. तो गाडी चालवत होता. म्हणाला, हो का, बरं बरं. आणि जाळीची मापं विचारली. एवढंच झालं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. 

हे पत्र भेगेत टाकावं असं मनात आलं होतं. पण आत गेलेलं ती परत देते, आणि हे कुणाच्या हातात पडावं असं मला वाटत नाही. ते इथेच, टेबलाच्या खणात राहील.

एक सांगायचं राहिलं. वहिनींनी बिडीचं विचारलं तेव्हा मी त्यांना म्हटलं की मला कसलाही वास येत नाही. येत होता.